फायरवॉल सुरू न होण्याबाबत

घटना नोंद प्रपत्र, नमुना घ-७
सूचना: निळ्या शाईने भरावे. प्रत्येक उत्तर एका ओळीत द्यावे. रकान्याबाहेर लिहू नये.

रकाना १. अहवाल भरणाऱ्याचे नाव व हुद्दा

आनंद विनायक खळदकर, प्रशासकीय अधिकारी, हडपसर कार्यालय. सेवा एकतीस वर्षं. येत्या मार्चमध्ये निवृत्त.

हे प्रपत्र २०११ साली मीच तयार केलं. आता ते कागदावर नाही, संगणकावर भरतात. निळ्या शाईची सूचना मी तरीही ठेवली आहे, शिस्त म्हणून. संगणकावरचा रकाना आपण लिहू तसा खाली फुगत जातो, हे मात्र मला आज, या मिनिटाला कळलं. चौदा वर्षं मी लोकांचे अहवाल ‘एका ओळीत बसवा’ असा शेरा मारून परत पाठवत होतो. असो.

रकाना २. घटनेचा दिनांक व वेळ

शुक्रवार, दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. यंदा दसरा आणि गांधी जयंती एकाच गुरुवारी आल्यामुळे सर्वांची एक सुट्टी बुडाली होती आणि कार्यालय मुळातच रुसलेलं होतं. हा घटनेचा भाग नाही. वातावरण कळावं म्हणून लिहिलं.

रकाना ३. घटनेचे थोडक्यात वर्णन

फायरवॉल सुरू झाली नाही.

हे थोडक्यात झालं. आता वर्णन.

आमची प्रयोगशाळा पाणी तपासते. वाघोलीच्या सोसायट्यांचं टँकरचं पाणी, हडपसरच्या कारखान्यांचं सांडपाणी आणि मंगल कार्यालयांच्या टाक्यांत जे काही असेल ते. तपासणीचे आकडे यंत्रांतून संगणकात जातात, संगणकातून बाहेर जातात, आणि या सगळ्या वाटेवर, भिंतीला टांगलेल्या जाळीच्या कपाटात, एक काळी पेटी बसलेली असते. पोळ्यांच्या डब्याएवढी. तिला फायरवॉल म्हणतात. नाव भिंतीचं, काम वॉचमनचं. बाहेरच्याला आत सोडायचं नाही आणि आतल्याला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. आमच्या सोसायटीचा वॉचमन यातलं काहीच करत नाही, त्यामुळे मला या पेटीबद्दल पहिल्यापासून आदर होता.

शुक्रवारी सकाळी मी तिचं बटण दाबलं. पंखा घोंघावला. पुढचा दिवा नारिंगी लुकलुकायला लागला. तो काही वेळाने हिरवा व्हायला हवा. तो झाला नाही. दहा मिनिटांनी पंखा थांबला, क्षणभर शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून घोंघावणं. मंगलाष्टकांमागून मंगलाष्टकं होताहेत आणि अंतरपाट काही खाली येत नाही, तशी आम्हा सर्वांची अवस्था झाली.

रकाना ४. संभाव्य नुकसान

दोन.

पहिलं: दुपारी चार वाजता प्रयोगशाळेच्या मान्यतेसाठी ऑनलाइन पाहणी ठरलेली होती. फायरवॉल नाही तर आमची यंत्रं बाहेरच्यांशी सोडा, एकमेकांशीसुद्धा बोलत नाहीत.

दुसरं: श्रद्धा बनकर. संगणक विभाग. (विभागात त्या एकट्याच.) मूळच्या यवतमाळच्या, राहायला वाघोलीला, रोज दोन बस बदलून येतात. त्यांची सहा महिन्यांची मुदत आजच संपते. त्यांना कायम करण्याचं पत्र बुधवारपासून माझ्या संगणकात तयार आहे, फक्त माझी डिजिटल सही व्हायची आहे. वाघोलीच्या घरमालकीणबाई त्या पत्राशिवाय खोलीचा नवा करार करायला तयार नाहीत, आणि यवतमाळला आईने ‘पोरगी पुण्यात पर्मनंट झाली’ असं आधीच सगळ्या गल्लीला सांगून टाकलेलं आहे.

आमचे संचालक दिग्विजय सर सकाळी फोनवर म्हणाले, “खळदकर, मला रूट कॉज पाहिजे. सहापर्यंत रिपोर्ट. त्या मुलीची चूक निघाली तर लेटर होल्ड करा. नाही निघाली तर तुम्हीच साइन करून देऊन टाका. सिंपल.”

सरांच्या दृष्टीने जगातल्या सर्व गोष्टी सिंपल असतात, कारण त्या मी करतो.

रकाना ५. घटनेपूर्वी यंत्रास कोणी हात लावला होता काय?

होय. बुधवारी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आपापलं हत्यार धुऊनपुसून पूजेला ठेवायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. ही प्रथा कार्यालयात मी सुरू केली. तपासनीस मंडळींनी काचनळ्या ठेवल्या, ड्रायव्हर कचरू यांनी गाडीची किल्ली, श्रद्धाने स्क्रू ड्रायव्हरचा संच, साफसफाई आणि चहा पाहणाऱ्या सोजरबाईंनी खराटा. दिग्विजय सरांनी मोबाइल ठेवला, पण चारच मिनिटं. त्यापुढे त्यांना दम निघत नाही. पूजा जाळीच्या कपाटापुढे मांडली, कारण ‘या वास्तूत विश्रांतीविना राबणारी एकच व्यक्ती आहे,’ असं मी भाषणात म्हणालो. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे बोट केलं.

सोजरबाई म्हणाल्या, “साहेब, हिला चिंचंनं घासू का? लख्ख निघंल.”

मी नको म्हणालो. त्यांनी कोरड्या फडक्याने पुसून पेटीच्या माथ्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वरून झेंडूचा असा भरगच्च हार घातला की पेटी दिसेनाशी झाली, आणि दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मग मी सर्वांसमक्ष फायरवॉल बंद केली.

“सर, बंद काहून करून राहिले?” श्रद्धा घाबरून म्हणाली. “चार वर्षांपासून चालू आहे ती. मी तर रीस्टार्ट करायलाही भिते.”

“श्रद्धा, बैलाच्या मानेवरूनसुद्धा वर्षातून एकदा जू उतरवतात,” मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. नारळ दिग्विजय सरांनी फोडला. तेव्हा बंद करण्याला सर्वांची संमती होती, याची कृपया नोंद घ्यावी. हार आपोआप सुकेपर्यंत काढायचा नाही, हा नियमही त्याच वेळी मी जाहीर केला.

शुक्रवारी श्रद्धाने मला विचारलं, “सर, पूजेनंतर हिला कुणी हात लावला होता का?”

“पूजेखेरीज कुणीही नाही,” मी ठामपणे सांगितलं.

हे उत्तर लक्षात ठेवावं. रकाना ९ मध्ये लागेल.

रकाना ६. तात्काळ केलेली उपाययोजना

बंद करून चालू केली. चौदा वेळा.

पंधराव्या वेळेच्या आधी मच्छिंद्र तुपे आले. हे इमारतीचे मालक. जिथे आमची प्रयोगशाळा आहे तिथे पूर्वी त्यांचा मळा होता, आणि ते अजून इमारतीकडे मळ्यासारखंच पाहतात: सकाळ-संध्याकाळ एक चक्कर, जिथे काही वाळताना दिसेल तिथे सल्ल्याचं पाणी.

“काय साहेब, बंद पडलं व्हय?”

“बंद नाही. सुरू होत नाहीये.”

“त्येच की. अर्थिंग.”

“तुपेसाहेब, अर्थिंगचा इथे काही—”

“आवो ऐका. आमची हिरीवरची मोटर अशीच करायची. निस्ती गुरगुर, पानी न्हाई. आमचा बाप काय करायचा? एक चापट.” आणि त्यांनी पेटीला एक चापट मारली.

नारिंगी दिवा विझला. दिवा पुन्हा लागला. नारिंगीच.

“बगा. ऐकतीया. पन पुरतं ऐकत न्हाई,” तुपे म्हणाले, आणि अर्थिंग स्वतः तपासायला खाली मीटरच्या खोलीत गेले.

तिथे त्यांनी कुठला फ्यूज काढला ते त्यांनाही सांगता आलं नाही. सबंध इमारत अंधारली. दिग्विजय सर त्या वेळी लिफ्टमध्ये होते. पहिला मजला संपलेला, दुसरा यायचा होता.

“खळदकर!” लिफ्टमधून आवाज आला. “व्हॉट इज धिस?”

“सर, अर्थिंग,” मी लिफ्टच्या जाळीतून म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

“कोण म्हणालं अर्थिंग?”

“म्या म्हनलं,” तुपे माझ्या मागून म्हणाले. “घाबरू नका दादा, आत हवा हाय.”

अकरा मिनिटं. बाहेर आल्यावर सरांनी टाय सारखा केला, सभोवार पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, “आयटी कोण बघतं आपल्याकडे?”

सर्वांनी श्रद्धाकडे पाहिलं. खरं म्हणजे लिफ्टचा आणि तिचा काय संबंध? पण पुण्यात लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला संबंध लागत नाही, माणूस लागतो.

“सर, पेटी वगळून लाइन थेट जोडू का? तात्पुरती?” ती म्हणाली.

“ऑडिटच्या दिवशी? फायरवॉलशिवाय? म्हणजे मान्यता मिळायच्या आधीच घालवायची!” आणि ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “रिपोर्टचं लक्षात आहे ना?”

रकाना ७. बाह्य मदत घेतली असल्यास

घेतली. पेटी बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राला मी स्वतः फोन केला. पलीकडे गंधार नावाचे गृहस्थ होते. आवाज गोड, घाई शून्य.

“सर, आपल्या डिव्हाइसच्या वरच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर सांगाल का?”

वर पाहिलं. स्टिकरवर स्वस्तिक. सोजरबाईंनी ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, कुंकवाबरोबर शाईही आली. चौदा अंकांपैकी अकरा उरले, तीन देवाघरी गेले.

“काही हरकत नाही सर,” गंधार म्हणाले. “रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी पाठवतो. तो सांगितलात की झालं.”

रजिस्टर्ड मोबाइल निघाला साईनाथचा.

साईनाथ घुले. श्रद्धाच्या आधी संगणक तोच पाहायचा. आता येरवड्याला असतो. (नोकरीनिमित्त. पुण्यात हे वेगळं सांगावं लागतं.) तो आमच्याकडून का गेला, हे या प्रपत्रात विचारलेलं नाही, पण लिहितो. त्याच्या रजेचा अर्ज मी तीनदा परत पाठवला होता. पहिल्यांदा त्यावर विषय नव्हता. दुसऱ्यांदा शाई काळी होती. तिसऱ्यांदा मजकूर रकान्याबाहेर गेला होता. रजा बहिणीच्या लग्नासाठी होती. तो पोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या.

“साईनाथ, अरे मी खळदकर बोलतोय.”

“बोला ना सर. कसे आहात आपण?”

त्या ‘आपण’मध्ये एवढा आदर होता की मी खुर्चीत सावरून बसलो.

“तुझ्या मोबाइलवर सहा आकडे आले असतील बघ.”

“आलेत ना.”

“सांग की मग.”

“असं तोंडी कसं सांगणार सर? अर्ज करा. व्हॉट्सॲपवर चालेल. कागदाचा माझा आग्रह नाही.”

मी अर्ज टाइप केला. एका बोटाने, चष्मा कपाळावर चढवून. उत्तर आलं: ‘विषय लिहिलेला नाही.’ तोवर ओटीपीची मुदत संपली. गंधारनी नवा पाठवला. मी दुसरा अर्ज केला. उत्तर: ‘विषय आहे, पण “महोदय” नाही.’ ओटीपीची मुदत पुन्हा संपली. तिसऱ्या अर्जात मी विषय, महोदय, संदर्भ, आपला विश्वासू असं सगळं घातलं, आणि मधे, का कोण जाणे, ‘आपल्या भगिनीच्या विवाहाच्या वेळी झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हेही घातलं.

मग सहा आकडे आले. त्यांच्याखाली: ‘सर, श्रद्धाचं पत्र अडकवू नका. ती मला आठवड्यातून दोनदा फोन करते. तुमच्या तक्रारी सांगायला नाही, फायरवॉलचं विचारायला.’

मी मोबाइल खिशात ठेवला. हे सगळं होईतो एक वाजला होता.

आकडे मिळाल्यावर गंधारनी चाळीस मिनिटं बासरी ऐकवली आणि मग म्हणाले, “सर, एकदा बंद करून चालू करून बघता का?”

पंधरावी वेळ.

श्रद्धाने फोन माझ्या हातातून अलगद घेतला. दोघांचं दोन मिनिटं काही बोलणं झालं. फोन ठेवून ती म्हणाली, “सर, ही आतल्या आत कुठं अटकून राहिली ते स्क्रीनवर वाचता येते. फक्त त्याला कन्सोल केबल पाहिजे. निळी, चपटी. पेटीसोबत आलेली.”

रकाना ८. वापरलेले साहित्य

निळी चपटी वायर, एक नग.

ही वायर माझ्या ताब्यात होती. निरुपयोगी वस्तूंच्या कपाटाची नोंदवही मी स्वतः ठेवतो. तिच्यात एकशे अठराव्या ओळीवर ‘निळी चपटी वायर, उपयोग अज्ञात’ अशी स्वच्छ नोंद आहे. कपाटात एकशे सतरा होती, एकशे एकोणीस होती. एकशे अठराच्या जागी धूळ होती, तीही वायरच्या आकाराची.

अर्धा तास शोधलं. खण उपसले. तुपे वरून ट्रॅक्टरची वायर घेऊन आले, “ही बी निळीच हाय” म्हणाले. सव्वादोनला सोजरबाई चहा घेऊन आल्या आणि सगळे जमिनीवर का बसलेत, असं त्यांनी विचारलं.

“एक वायर शोधतोय,” मी म्हणालो.

“कसली?”

“निळी. चपटी.”

“दोन हात लांब?”

“हो!”

“आन् दोन्ही टोकांस्नी खटकं?”

“हो हो!”

“मग ती तर तुमच्या डोक्यावर हाय, साहेब.”

मी वर पाहिलं. दारावर तोरण होतं. आंब्याची पानं एका रांगेत, ताठ, सैन्यासारखी, आणि त्यांच्या पाठीमागून निळसर काहीतरी डोकावत होतं.

“सुतळी सारखी तुटत हुती,” सोजरबाई म्हणाल्या. “तुम्हीच न्हाई का म्हनला, यंदा तोरण कसं झोकात बसलंय?”

म्हणालो होतो. दोनदा.

तोरण दसऱ्यानंतर पाच दिवस उतरवायचं नाही, हा माझा नियम. स्टुलावर चढून तो मीच मोडला. त्याच वेळी दिग्विजय सर दारातून आत आले आणि आंब्याची सात-आठ पानं त्यांच्या डोक्यावर पडली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग श्रद्धाकडे पाहिलं, आणि आपल्या केबिनमध्ये गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रकाना ९. घटनेचे मूळ कारण

दोन चाळीस. श्रद्धाने वायरला चिकटलेली पानं काढली, एक टोक पेटीला लावलं, एक लॅपटॉपला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या. ती वाचत होती, मी तिच्या चेहऱ्यावर वाचत होतो.

“सर,” ती हळू म्हणाली, “ही बिघडलीच नाही.”

“मग?”

“सुरू होताना ही आधी बघते, बाहेरून काही लावलंय का. लावलं असलं तर म्हणते, मी त्याच्यातूनच सुरू होते. त्याच्यात तर हिला काही भेटत नाही. मग परत पहिल्यापासून. सकाळपासून हेच करून राहिली.” ती पेटीकडे वळली. “म्हणजे मागं काही तरी लावलेलं आहे.”

पेटीची मागची बाजू भिंतीकडे असते. तिने हाराखालून हात घातला. झेंडूच्या पाकळ्या गळाल्या. हात बाहेर आला तेव्हा चिमटीत अंगठ्याएवढी एक वस्तू होती: कुंकू लागलेली, दोन अक्षता चिकटलेल्या, आणि तिच्या दोऱ्याला एक चिठ्ठी. कार्यालयातल्या प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी असावी, हाही माझाच नियम. चिठ्ठीवर माझं सुवाच्य अक्षर होतं:

प्रशासन. आ. वि. खळदकर. हात लावू नये.

आता बुधवारचं राहिलेलं सांगतो.

सगळ्यांची हत्यारं मांडून झाल्यावर सोजरबाईंनी विचारलं होतं, “साहेब, तुमचं हत्यार?”

मी खिसे चाचपले. एकतीस वर्षं नोकरी, आणि पूजेला ठेवावं असं हाताला काही लागेना. शिक्का कधीच बंद झाला. पेन फक्त शब्दकोड्याला लागतं. कचरू मागून म्हणाले, “साहेबांची जीभ ठेवा.” लोक हसले. सर हसले. श्रद्धा हसली नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. तेवढ्यात वरच्या खिशात डिजिटल सहीचं टोकन सापडलं. ते संगणकाला लावलं की माझी सही उमटते. ते नसेल तर या कार्यालयात कुणी नेमला जात नाही, कुणी कायम होत नाही, कुणी सुटत नाही. हत्यार याहून वेगळं काय असतं? मी ते छाती पुढे काढून पेटीच्या माथ्यावर ठेवलं.

ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा खराट्यावर पडलं. खळदकरांचं हत्यार खराट्यावर लोळतंय, हे काही मला बरं दिसेना. पेटीच्या मागे हात घातला तर एक खाच लागली. त्यात खोचलं. बसलं. इतकं नेमकं बसलं की मला ती ईश्वरी योजनाच वाटली. वर हार ओढून घेतला आणि आरतीला उभा राहिलो.

शुक्रवारी दिवसभर मला माहीत होतं की टोकन पूजेत आहे. हार सुकला की काढायचं, श्रद्धाच्या पत्रावर सही करायची, असं मनाशी ठरलेलंही होतं. पण ‘हात लावला होता का’ या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे, असं एकदाही मनात आलं नाही. पूजेतल्या वस्तूने यंत्र अडतं, हे ज्याच्या मनात येईल तो प्रशासनात नसतो.

रकाना १०. साक्षीदार

एकच. श्रद्धा बनकर.

ती चिठ्ठी वाचून तिने मूठ मिटली. मागून सर आणि तुपे येत होते. तीर्थ द्यावं तशी तिने ती मूठ माझ्या तळहातावर उघडली आणि माझी बोटं मिटवली. मग मोठ्याने म्हणाली, “झालं सर. लूज होतं काही तरी.”

दिवा हिरवा झाला. सोजरबाईंनी हात जोडले. तुपे म्हणाले, “म्या सकाळीच म्हनलं हुतं. अर्थिंग.”

चार वाजताची पाहणी उत्तम झाली. पाहणी करणाऱ्या बाईंनी मागची फुलं पाहून ‘छान वातावरण आहे’ असंही म्हटलं. पावणेपाचला सर माझ्या टेबलाशी आले.

“लूज होतं म्हणजे मेंटेनन्स. मेंटेनन्स म्हणजे आयटी. रिपोर्टमध्ये तसं लिहा. लेटर तीन महिने पुढे ढकलू.”

श्रद्धा चार पावलांवर होती. तिने ऐकलं. ती निळी वायर गुंडाळत राहिली, आणि गुंडाळून झाल्यावर तिला चिठ्ठी लावली: ‘कन्सोल केबल. तोरणासाठी नाही.’

सर गेल्यावर मी तिच्यापाशी गेलो. “तू सांगितलं का नाहीस?”

“सर, मार्चमध्ये तुमचा निरोप समारंभ आहे. भाषणात लोक दुसरं काहीच नाही सांगणार.”

“आणि तुझं पत्र?”

ती बॅगेची चेन लावत राहिली. “बघू. मालकीणबाईंना सांगते काही तरी. आईला काय सांगू, तेवढं नाही सुचून राहिलं.”

रकाना ११. जबाबदार व्यक्तीचे नाव

या रकान्यात चौदा वर्षांत मी दोनशे बारा नावं लिहिली आहेत. २०१४ च्या एका अहवालात उंदीर आहे. तो ग्राह्य धरला गेला होता.

पाच चाळीस झाले आहेत. रकान्यात कर्सरची काडी लुकलुकते आहे, सकाळच्या नारिंगी दिव्यासारखी. ‘उंदीर’ लिहिता येईल. ‘झेंडू’ लिहिता येईल. ‘अर्थिंग’ लिहिलं तर तुपे साक्षीला येतील, आनंदाने. ‘बनकर’ लिहिलं तर कुणीच काही विचारणार नाही, तीसुद्धा नाही, आणि मार्चमध्ये मला शाल, श्रीफळ आणि ‘निष्कलंक सेवा’ हे दोन शब्द मिळतील.

आनंद विनायक खळदकर.

एका ओळीत बसलं. रकान्याच्या आत. मी बनवलेलं प्रपत्र चांगलं आहे, एवढं म्हणायला हरकत नाही.

रकाना १२. पुन्हा असे घडू नये म्हणून सुचवलेले उपाय

खंडेनवमी बंद करू नये. पुढच्या वर्षी मी निवृत्त असेन, पण बोलावलंत तर येईन. हत्यार म्हणून हे प्रपत्र आणीन. ते कुठल्याही खाचेत खोचता येत नाही.

टोकन पुसून संगणकाला लावलं. अक्षतेचा एक दाणा अजून आत अडकलेला आहे, तरी चालतं. त्याने दोन सह्या झाल्या: एक या अहवालावर, दुसरी सोबतच्या जोडपत्रावर. सर म्हणाले होते, तिची चूक नसेल तर तुम्हीच साइन करून देऊन टाका. तिची चूक नाही. देऊन टाकलं. सिंपल.

जोडपत्र. श्रीमती श्रद्धा बनकर यांचे कायम नियुक्तीचे पत्र (प्रत)

मूळ पत्र छापून पाच बावन्नला हातात दिलं. ती दारात उभी होती, वाघोलीची बस गाठायची होती. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. डोळे भरून आले असावेत, असं मला वाटलं.

“सर,” ती म्हणाली, “याच्यावर विषय नाही जी.”

मी पाहिलं. नव्हता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मी खिशातून पेन काढलं आणि तिथेच, दाराला कागद टेकवून, निळ्या शाईने लिहिलं: विषय: आपणांस कायम करण्याबाबत.